अधिकची चिन्हं

ग्लेंडानं ‘बचावनौका’ या फोल्डरपुढचं अधिकचं चिन्ह दाबलं आणि ते उडून गेलं. आत काही नव्हतं. मग ‘लाइफजॅकेट’ दाबलं. तेही उडालं. ‘आगीचे पंप’, ‘इंजिनरूमची दारं’, एकेक दाबत ती खाली गेली आणि एकेक चिन्ह पडद्यावरून नाहीसं झालं. शेवटी ‘डोन्या ओलिंपिया’ या जहाजाच्या नावाखाली नुसते रिकामे फोल्डर उरले. तपासणीचा एक कागद नाही की फोटो नाही.

तासाभरापूर्वीच धाकट्या भावाचा मेसेज आला होता. ‘नांग, नोकरी लागली. डोन्या ओलिंपियावर. आज संध्याकाळी सुरिगावला निघतोय. आईला तूच सांग.’

थोरल्या बहिणीला नांग म्हणणारा हा रेनान्ते दोन वर्षं सेबूच्या बंदरावर चपला झिजवत होता, पण या जहाजाचं नाव काढलं की नाक मुरडायचा. “त्याच्या बचावनौका गंजून जागच्या जागी चिकटल्यात, नांग. बुडायची वेळ आली तर त्याही जहाजासकट तळाला जातील,” असं गेल्याच महिन्यात जेवताना म्हणाला होता. मग आज एकाएकी काय झालं, ते तिला कळेना.

फोल्डरांचं हे झाड तिनंच लावलेलं. जहाज कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं जे काही असेल ते तिच्याच गळ्यात पडायचं. वर्षाची तपासणी जवळ आली तसं ऑफिसचे साहेब कप्तान तुमुलाकनी फर्मान काढलं की सगळ्या जहाजांचे कागद एका पडद्यावर दिसले पाहिजेत, फांद्या फुटल्यासारखे. ती ऑटोइट या भाषेत प्रोग्राम लिहायला बसली. ऑफिसची डिस्क म्हणजे चिखलात बसलेली म्हैस, हलता हलायची नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये डोकावत बसलं असतं तर पडदा उघडायलाच दुपार झाली असती. म्हणून तिनं नेहमीची युक्ती केली. प्रत्येक फोल्डरखाली एक खोटं पोर, म्हणजे नुसती रिकामी नोंद, ठेवून दिलं, म्हणजे त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह येतं. माणसानं ते दाबलं की मगच प्रोग्राम आत जाऊन बघतो. काही असलं तर दाखवतो, नसलं तर चिन्ह काढून टाकतो. हे काम करणारे सगळेच असं करतात. त्यात लबाडी नव्हती.

लबाडी नंतर आली. कप्तान तिच्या खुर्चीमागे उभे होते, झावळीत बांधून शिजवलेल्या पुसोची पानं सोलून भात खात.

“हे सगळं भरलेलं दिसतंय की, दाय,” ते म्हणाले. ऑफिसातल्या पोरींना ते दायच म्हणायचे.

“दिसतंय, कॅप. आत काय आहे ते दाबल्यावर कळतं.”

“मग दाबणं बंद कर.”

ती हसली. कप्तान हसले नाहीत.

“पाहुण्याला घर दाखवतात, कपाटं नाही,” ते म्हणाले आणि शेवटचा घास तोंडात टाकून निघून गेले.

एका ओळीचं काम होतं. ग्लेंडानं ते केलं. आता चिन्हं दिसायची, पण दाबली तरी काही उघडायचं नाही. वरच्या माणसाशी कोण हुज्जत घालणार, कागद काय, नंतर भरतीलच, अशी तिनं मनाची समजूत घातली. तपासनीस आले, चिन्हांनी गच्च भरलेला पडदा पाहून खूश झाले, लेचोनची, म्हणजे भाजलेल्या डुकराची, कुरकुरीत कातडी चवीनं खाल्ली आणि सही करून गेले. उरलेलं लेचोन ग्लेंडाच्या डब्यात आलं. तिनं ते घरी नेऊन खाल्लं, आणि खोटं कशाला बोला, आवडलंही.

आज मात्र तिनं स्वतःकडची प्रोग्रामची जुनी प्रत उघडली होती. तिच्यात दाबता येत होतं.

ती उठून कप्तानांच्या केबिनमध्ये गेली. “कॅप, ओलिंपियाच्या बचावनौकांचे कागद कुठायत?”

“येतील.”

“आणि नौका? त्या खाली उतरतात ना?”

कप्तानांनी मान वर केली. “दाय, तुझं काम पडद्यावरचं. समुद्रावरचं मी बघतो.”

ती बाहेर येऊन खिडकीशी उभी राहिली. खिडकीतून धक्का दिसत होता. वारा पडला होता, पाणी तेलासारखं सपाट झालं होतं आणि पूर्वेकडे, सुरिगावच्या बाजूला, आभाळ काळंनिळं होत चाललं होतं. तिनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. शेवटी एकदाचा रेनान्तेचा आवाज आला, मागे माणसांचा नुसता कलकलाट.

“दोंग, बाळा, उतर तिथून. आत्ताच्या आत्ता. पोटात दुखतंय म्हण, काहीही थाप मार.”

“डोकं फिरलंय का तुझं? दोर सुटलेत. जिनाही वर ओढला.”

“अरे, त्या बचावनौका...”

“हां, ते होय,” तो हसला. “मला तरी दुसरी कसली भीती होती? काल तू जेवायला गेलीस ना, तेव्हा आलो होतो मी ऑफिसात. म्हटलं, तपासणीचं काही दाखवल्याशिवाय मी नोकरीच्या कागदावर सही करायचा नाही. तर कप्तानांनी पडदाच समोर केला. सगळं भरलेलं.”

जहाजाचा भोंगा वाजला. ग्लेंडाला तो खिडकीतून ऐकू आला आणि फोनमधूनही.

“तरी मला खरं वाटेना, नांग,” रेनान्ते म्हणाला. “असली धूळफेक काय कमी पाहिलीय मी? निघालोच होतो उठून. तेवढ्यात ते म्हणाले, हे तुझ्या बहिणीनं बनवलंय. तेव्हा कुठे मी सही केली.”