तळहातावरचा बॉल

भिमाजीची चपराक कल्याणच्या तोंडावर बसली आणि त्याच्या हातातला कप गवतात पडला.

कप कालचाच होता. मैदानावर साहेबांच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडींची वर्षातून एकदा स्पर्धा होते, ती याही वर्षी कल्याणनंच जिंकली होती. आज सोमवार. नगरच्या त्या गोल्फच्या मैदानाला सुट्टी. कॅडी मागच्या कडुनिंबाखाली बसले होते. टायगर वूड्स मोठा की जुना निकलस मोठा यावर साहेबलोक भांडतात, तसंच यांचंही चाललं होतं. तरुणपणचा भिमाजी मोठा की आत्ताचा कल्याण मोठा.

बोलता बोलता कुणीतरी जुनी गोष्ट काढली. भिमाजी म्हणे बायकोच्या तळहातावर बॉल ठेवून स्टिकनं मारायचा. मालनबाई हात उताणा जमिनीवर टेकवायची. वर चिमूटभर ओली माती, मातीवर बॉल. बॉल जायचा, माती हातावरच राहायची.

"बघितलंय कुनी?" कल्याण हसला होता. "नुस्त्या गप्पा. कोन बाई आसा हात ठिवल? आन् इचारायचं तरी कुनाला? काकू तर गेली."

मालनबाईला जाऊन महिनाही झाला नव्हता. भिमाजी तिथंच बसला होता. तो उठला आणि त्यानं मारली.

कल्याण रक्त थुंकला. "तात्या, तुमच्या वयाकडं बघून सोडतो," म्हणाला, पण सोडलं नाही. त्यानं भिमाजीच्या छातीत लाथ घातली. म्हातारा बुंध्यावर आदळला, उठला आणि पुन्हा धावून गेला. कल्याणचे केस धरून त्यानं त्याचं डोकं खाली ओढलं आणि नाकावर गुडघा हाणला. कॅडींवर देखरेख करणारा अजिनाथ मधे घुसला, तर त्याच्याही बरगडीत कोपर बसलं.

"बास करा! तात्या, मरायचंय का?"

भिमाजीचा ओठ फाटला होता. तो धापा टाकत नळाजवळ गेला. तिथली चिमूटभर चिखलमाती घेऊन परत आला. गवतात बसला. उजवा हात उताणा जमिनीवर ठेवला, त्यावर माती ठेवली. खिशातून बॉल काढून मातीवर बसवला.

"मार," तो कल्याणला म्हणाला.

कल्याण एक पाऊल मागं सरला.

"येडं झालात का, तात्या?"

"मोठा हायेस ना तू? मार. माझी स्टिक सळई वाकवून केल्याली व्हती. तुझी तर इलायती हाय. तुला सोपं जाईल."

"बोटं जातील तुमची."

"तिची गेली व्हती का? तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात तू. एक तरी बोट वाकडं दिसलं व्हतं का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मार की रं, चॅम्पियन! का फाटली?" दुसऱ्यानं मोबाईल काढून समोर धरला.

कल्याणनं बाहीनं नाक पुसलं. बॅगेतून स्टिक उपसली.

"ठिव ती खाली," अजिनाथ म्हणाला. "कल्याण, ठिव म्हन्तो ना!"

"मी नीट मारनार हाय. त्यांना सांगा हलू नका म्हनून."

"तू तुझं बघ," भिमाजी म्हणाला.

कल्याण पाय रोवून उभा राहिला. एकदा स्टिक बॉलच्या वरून नुसती फिरवून बघितली. भिमाजीच्या बोटांना वारा लागला. मग स्टिक खरोखरची वर गेली. ती खाली येताना भिमाजीनं डोळे घट्ट मिटले.

वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. बॉल जवळच घरंगळला. भिमाजी हात पोटाशी धरून आडवा झाला. तो ओरडला नाही, नुसता घशातून आवाज काढत राहिला. त्याची दोन बोटं मागच्या बाजूला वळली होती आणि सदरा लाल होत होता.

"हात हलला!" कल्याण किंचाळला. "मी बराबर मारला! तात्यानं हात हलवला!"

मघाशी मार म्हणणारेच त्याच्यावर तुटून पडले. एकानं त्याचीच स्टिक त्याच्या पाठीत घातली. तो पडल्यावर लाथा बसू लागल्या. पोटात, मांडीवर, कानावर. कुणाचा तरी पाय कपावर पडला आणि कप चेपला.

"सोडा त्याला," भिमाजी म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. तो गुडघ्यांवर उठला आणि ओरडला, "सोडा! खरं बोलतोय त्यो! हालला माझा हात!"

लाथा थांबल्या.

अजिनाथ रिक्षा आणायला पळाला. बाकीचे एकेक करून मागं सरकले. कल्याण रांगत भिमाजीजवळ आला. त्याचा एक डोळा बंद झाला होता. गळ्यातलं उपरणं काढून तो भिमाजीचा हात बांधू लागला. गाठ नीट बसेना.

"तात्या, तुमी डोळं मिटलं."

"व्हय."

कल्याणनं गाठ सोडली, पुन्हा मारली.

"काकू मिटायची न्हाई?"

भिमाजी थोड्या अंतरावर पडलेल्या बॉलकडं बघत होता.

"एकच बॉल व्हता आमच्याकडं," तो म्हणाला. "तिनं डोळं मिटलं आसतं, तर कुठं पडला ते बघितलं कुनी आसतं?"