राखलेला गड

सिंधुदुर्ग किल्ल्यातच राहणारा बाबली पर्यटकांना गड दाखवतो. आज त्याच्या मुलासाठी, ओमकारसाठी, मुलीकडची माणसं कट्टा गावाहून घर बघायला यायची होती. बायकोनं, विमलानं, सकाळीच बजावलं, "पावण्यांका गडाच्या गजाली सांगू नकात."

"नाय गो," बाबली म्हणाला.

पाहुणे होडीतून उतरले. मुलीच्या वडिलांनी समोरच्या अखंड तटावर नजर फिरवली. "दार खंय आसा हो?"

जन्मभर ज्या प्रश्नावर पोट भरलं, तोच प्रश्न. बाबलीच्या तोंडी आपसूक पर्यटकांपुढची शुद्ध भाषा आली. "तीच तर गंमत आहे! अगदी जवळ येईपर्यंत दार दिसतच नाही. शत्रू वाकड्या वाटेत शिरला की वरून दगडांचा मारा. आणि पावसाळ्यात पहाऱ्याला खुद्द दर्या. होडी लागायची सोयच नाही. एकदा आत आला, तो आपल्या मर्जीनं बाहेर गेला नाही."

सोबत आलेल्या मुलीनं, भार्गवीनं, वडिलांकडे बघितलं. वडिलांनी होडीकडे.

पोहे निवायच्या आत पाहुणे माघारी फिरले. विमला भरल्या बशांवर झाकण ठेवत राहिली. ओमकार मात्र तटावर उभा होता. लाटेमागे लाट, आणि लाटेआड भार्गवीची लहान होत जाणारी होडी. बाबली हळूच शेजारी येऊन थांबला.

"राखलात गड, बाबा," ओमकार म्हणाला. "ह्यावेळी गनीम आत येवक व्हयो होतो."