निघण्याआधीचे प्रश्न

बाबा गेल्यापासून त्यांची डिझेल गाडी जागची हलली नव्हती. लेकीने नवी बॅटरी बसवली, ताजं डिझेल भरलं, हातपंप दाबून इंधनाच्या नळीतली हवाही काढली. तरी गारठलेलं इंजिन नुसतं घरघरत होतं. आज सुरू झाली नाही, तर गाडी भंगारात जाणार होती.

शेजारी बसलेली आई म्हणाली, “तू काही विचारलंच नाहीस. ते चावी लावली की आधी विचारायचे.”

“आई, गाडीला काय विचारायचं?”

“गाडीला नाही गं बाई, आपल्याला! चावी अर्धीच फिरव.”

लेकीने फिरवली. सुरू होण्याआधी गार इंजिन आतून गरम होत असल्याचा पिवळा दिवा लागला. तिला सवय पेट्रोलच्या गाडीची. हा दिवा विझेपर्यंत ती कधी थांबलीच नव्हती.

आई थेट बाबांच्या सुरात म्हणाली, “दार नीट लागलं? चष्मा घेतला? गॅस बंद केलाय ना? नक्की?”

लहानपणी बाबांच्या या चौकशीने लेक वैतागायची.

“बरं, मग निघू या,” आई त्याच सुरात म्हणाली.

दिवा विझला. लेकीने चावी पुढे फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात धडधडू लागलं.

तिने ते लगेच बंद केलं.

“आई, परत विचार ना.”