ढोलवाल्यासमोरची जागा

लानफांगनं टोपली घाटाच्या पायरीवर टेकवली आणि आधी नवऱ्याचा गळा पाहिला. देशुनच्या गळ्यात लाल रेशमाची सुगंधी पुरचुंडी लोंबत होती. सकाळी घरून निघताना गळा मोकळा होता.

"ही कुणी दिली?"

"युनश्युनं. सगळ्या बोटीला शिवल्यात तिनं, सणाच्या म्हणून."

"बाकीच्यांच्या हिरव्या आहेत."

"अगं, मी ढोलवाला ना!" देशुननं टोपलीतला एक पुडा उचलला, बांबूची पानं सोलली आणि उभ्याउभ्याच चिकट भात तोंडात कोंबला. आत बदकाच्या अंड्याचा खारवलेला बलक होता, त्याला आवडतो म्हणून खास घातलेला. तो नदीकडे बघत चावत राहिला.

पाचव्या महिन्याची पाचवी तिथी, बोटींच्या शर्यतीचा सण. प्रत्येक दारावर नागदवणा आणि वेखंडाची पाती टांगून सगळं गाव काठावर आलं होतं. ड्रॅगनच्या तोंडाच्या सहा बोटी पाण्यात डुलत होत्या. त्यातली एक गावच्या बायकांची. वल्ही मारायला वीस बायका, सुकाणूला एक, आणि ढोलावर एकटा देशुन. ढोलवाला पुढच्या टोकाला वल्हेकऱ्यांकडे तोंड करून बसतो. पहिल्या फळीवरच्या दोघींचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागायचे तेवढे राहतात. त्या फळीवर युनश्यु बसायची. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती.

महिनाभर रोज संध्याकाळी सराव चालला होता. लानफांग काठावर तांदूळ धुवायला बसायची. बोट काठाकडे यायची तेव्हा तिला नवऱ्याची पाठ दिसायची आणि त्या पाठीपलीकडे युनश्युचं हसरं तोंड. कितीदा तरी तांदूळ पाण्याबरोबर वाहून गेले होते.

घाटावर एकदम ओरडा झाला. युनश्युच्या जोडीची बाई शेवाळावरून घसरली होती. बघता बघता तिचं मनगट टम्म सुजलं.

"आता काय, एका वल्ह्यानं गोल गोल फिरायचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

युनश्यु पायऱ्या चढून थेट लानफांगसमोर आली. "वहिनी, तुमचं माहेर कोळ्याचं. बसता का माझ्या शेजारी?"

"तिला कुठं आता जमतंय!" देशुन खाली बोटीतून म्हणाला.

लानफांगनं कमरेचं फडकं सोडलं, टोपलीवर टाकलं आणि वल्हं हातात घेतलं.

फळी अरुंद होती. युनश्युचा खांदा तिच्या खांद्याला घासत होता. देशुनच्या पुरचुंडीला येत होता तोच नागदवण्याचा वास तिच्या अंगालाही. लानफांगनं श्वास रोखून धरला. फटाका उडाला, ढोलावर पहिली थाप पडली आणि वल्ही एकदम पाण्यात गेली.

वीस-पंचवीस हात मारून झाल्यावर तिनं मान वर केली.

समोर देशुन होता. कपाळावरच्या शिरा फुगलेल्या, डोळे लकाकत होते. घसा फोडून हाका घालत तो हसत होता, सगळे दात दिसतील असा. थापेसरशी अख्खं अंग उसळत होतं. तो ना युनश्युकडे बघत होता, ना तिच्याकडे. त्याची नजर वीसही वल्ह्यांवरून धावत होती. वीस वर्षं हा माणूस तिच्यासमोर जेवायला बसत आला होता. "हं" म्हणायचा, "वाढ" म्हणायचा, वाडगा पुढे करायचा. हे तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

तिचं वल्हं चुकलं, युनश्युच्या वल्ह्यावर आपटलं. "पाण्याकडे बघा, वहिनी," युनश्यु धापा टाकत म्हणाली. लानफांग पाण्याकडे बघू लागली आणि दात ओठांत रोवून जोर लावत राहिली.

अर्ध्या बोटीच्या फरकानं त्यांचा दुसरा नंबर आला. वल्ही आडवी पडली, बायका एकमेकींवर पाणी उडवू लागल्या. देशुन अजून हसतच होता, उगाचच ढोल बडवत होता.

युनश्यु त्याच्याकडे बघत होती. मग हळूच, फक्त शेजारी ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "वहिनी, हे घरीसुद्धा असेच असतात का हो?"

तिच्या आवाजात काय होतं ते लानफांगला लगेच कळलं. महिनाभर काठावर तांदूळ धुताना तिनं स्वतः तोच हेवा केला होता.

"रोज," लानफांग म्हणाली.