म्हशीच्या पोटाजवळची जागा

इचलकरंजीच्या चौकात तीन मजली उंच कापडी म्हैस बसवली होती. तिला पाठ टेकली की मऊ अंगात खळगा पडायचा, आणि दुसरं कुणी टेकेपर्यंत तो टेकणाऱ्याच्या उबेसकट तसाच राहायचा.

अंबूबाई गेल्या, त्याच्या आदल्या दिवशी तिथे टेकून बसल्या होत्या. तेव्हापासून त्यांचे यजमान दत्तोबा रोज त्या खळग्याशेजारी यायचे आणि तळहात बोटभर वर धरून ऊब घ्यायचे. स्वतः कधी टेकले नाहीत. कुणी आलंच तर म्हणायचे, "इथं नको बाबा, जागा धरलीय."

आज सकाळी झाडणारी शेवंता तिथेच थबकली होती.

"तात्या, ही गोधडी कुणी घातली हितं?"

"मीच. काल दिवस मावळताना गारठा पडला. तिला थंडी सोसत नव्हती."

"अवो, पर म्हशीला गोधडी काय न् माणूस काय, सारखंच की!"

दत्तोबांनी घाईने गोधडी उचलली. दवाने भिजून ती जड झाली होती. खाली ना खांदा उरला होता, ना अंबाड्याचा गोल. गोधडीच्या टाक्यांच्या नुसत्या रेघा उमटल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच तिथे तळहात टेकवला. कापड गार होतं.

"बसा आता टेकून," शेवंता हळूच म्हणाली. "आता काय बिघडायचंय?"

दत्तोबा बसले नाहीत. ओली गोधडी पोटाशी धरून उभेच राहिले.

"चार महिने उघड्यावर होती गं ती," ते म्हणाले. "पांघरूण घालायचं मला कालच सुचलं."