मागच्या दोन खोल्या

ईश्वरप्पा दुपारी तीनला लातूरहून आले तेव्हा संघपालच्या नांदेडच्या ऑफिसातली लाइट गेलेली होती. कूलर बंद, पश्चिमेच्या काचेतून ऊन थेट टेबलावर. संघपालनं नकाशा सावलीकडं सरकवला. सातव्यांदा बदललेला नकाशा होता तो.

इमारत नांदेडची नव्हती. गुजरातेत, मांडवीच्या पुढं, समुद्रासमोर ती बावीस मजले उभी राहायची होती. जागा ईश्वरप्पांची. नकाशा मात्र आपल्याकडच्याच माणसानं काढावा हा त्यांचा हट्ट, म्हणून गेले आठ महिने संघपाल कधी न राहिलेल्या गावच्या वाऱ्याचा आणि उन्हाचा हिशेब मांडत बसला होता. समुद्रावरचा वारा पुढच्या चार घरांत शिरावा, मधल्या बोळातून निघावा आणि मागच्या सिमेंटच्या जाळीतून बाहेर पडावा, अशी त्यानं प्रत्येक मजल्याची रचना केली होती. भिंतींवर ऊन येऊ नये म्हणून गॅलऱ्या खोल घेतल्या होत्या. वर्षातले सात-आठ महिने एसीशिवाय निघावेत, एवढंच त्याला हवं होतं. जाळीच्या दोन्ही अंगांना एक-एक लहान खोली होती, घरकामाला राहणाऱ्या बायामाणसांसाठी. त्या खोल्यांनाही दोन-दोन खिडक्या होत्या.

ईश्वरप्पांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. फ्लॅट नोंदवायला येणारे लोक विचारतात म्हणाले, की कामवाल्यांच्या खोल्या आमच्या लिफ्टसमोर उघड्या कशाला? त्यांचे वास येणार, त्यांचं बोलणं ऐकू येणार. तेव्हा बोळाच्या मागच्या तोंडाला भिंत घालून टाका. पलीकडं ते, अलीकडं आपण.

संघपाल वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता. त्यानं नाझनीनकडं पाहिलं. ती त्याच्याकडं चार वर्षं कामाला होती आणि असल्या वेळी काय करायचं हे तिला सांगावं लागत नसे. तिनं लॅपटॉपवरच्या नकाशात भिंत घातली आणि वारा कसा फिरेल ते दाखवायला तो सोडला. निळे बाण समुद्राकडून आले, पुढच्या घरांच्या दारात घुटमळले आणि तिथंच थांबले. एकेक बैठकीची खोली उकाडा दाखवत पिवळी होत तांबडी झाली.

ईश्वरप्पांनी पडद्याजवळ वाकून थांबलेले बाण निरखले. माणूस अडाणी नव्हता.

"म्हंजे मागं वाट न्हाई दिली, तर पुढं बी येत न्हाई?"

"न्हाई येत," संघपाल म्हणाला.

त्यांनी घाम पुसला, भिंतीचा विषय सोडून दिला आणि जाळी राहू द्या म्हणाले. संघपालच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला. सात नकाशांत पहिल्यांदाच त्याचं काही राहिलं होतं. साखराबाईंनी पाणी आणून ठेवलं. ऑफिस झाडण्यापासून चहापर्यंत सगळं त्याच बघत. दारातून वाऱ्याची झुळूक येते म्हणून त्या परत उंबऱ्याशी जाऊन बसल्या. ईश्वरप्पांनी पाणी पिता पिता त्यांना विचारलं,

"मावशी, काम झाल्यावर तुम्ही घरी जाता, का हितंच ऱ्हाता?"

"घरी जाते की, सांगवीला. हितं कुठं ऱ्हावं?"

"बघा," ईश्वरप्पा संघपालकडं वळले. "मग त्या खोल्या तरी कशाला पायजेत?"

ते रागानं बोलत नव्हते. शांतपणे समजावून सांगत होते. खोल्या द्या असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. कामाच्या बाया गावातून येतील, सकाळी टेम्पो आणील, संध्याकाळी सोडील. संघपालनं गाव चौदा किलोमीटरवर असल्याचं सांगितलं. म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या बाया अंधार पडल्यावर जाणार कशा, हेही विचारलं. जिना आहे, खाली गाड्या लावायची जागा आहे, कुठंही अंग टाकतील, असं उत्तर आलं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. नकाशा काढताना त्यानं पहिली रेघ त्या खोल्यांची मारली होती, हे सांगायचं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा आपण काय म्हणणार आणि ते काय म्हणणार, हे सगळं त्याला आधीच ऐकू आलं.

"साहेब, तुमचं वारं मी ठेवलं," ईश्वरप्पा म्हणाले. "आता माझं एवढं ऱ्हाऊ द्या."

संघपालनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ईश्वरप्पांनी ती होय म्हणून घेतली, त्याच्या हातावर हात ठेवला आणि पाचची गाडी गाठायला निघाले. ते उंबऱ्यावरून जाताना साखराबाईंनी पाय आखडून घेतले.

नाझनीन माऊसवर हात ठेवून थांबली होती. नकाशात सगळे मजले एकमेकांना जोडलेले होते. एका मजल्यावर पुसलं की बावीस मजल्यांवर पुसलं जाई.

"करू, सर?"

तो काचेतून खाली रस्त्याकडं बघत होता. तिनं पुन्हा विचारलं नाही. चव्वेचाळीस खोल्या, त्यांत तिनंच काढलेल्या खाटा आणि खिडक्या, एका बटणासरशी गेल्या. मग सवयीनं तिनं वारा सोडला. निळे बाण समुद्राकडून आले, घरांतून शिरले आणि मागच्या मोकळ्या जागेतून कुठंही न अडता बाहेर पडले.

"सर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "वारं आता अजून चांगलं जाऊन राहिलंय."