तबल्याची तोंडी शिकवणी

उद्या तबल्याची परीक्षा, म्हणजे आज तोच प्रश्न येणार, हे माईणकर सरांना ठाऊक होतं.

"सर, परीक्षेत यंत्रावर रेकॉर्डिंग झालं की हातातली कला खरंच जाते?" शर्वाणीने विचारलं.

"जाते. यंत्र ती बोटांतून उचलून घेतं आणि मार्क देतं. चुकलेलं मात्र घेत नाही."

"म्हणजे मी मुद्दाम चुकले, तर वाजवणं माझ्याकडे राहील?"

"राहील. पण नापास होशील."

दरवर्षी मुलं हे मुकाट्याने ऐकून घेत आणि पास होत. सर थकल्या आवाजात बोल म्हणू लागले.

"तुम्ही नेहमी तोंडीच शिकवता," ती म्हणाली. "एकदा वाजवून दाखवा ना."

सरांनी मांडीवरचे हात उलटसुलट करून पाहिले.

"मी राज्यात पहिला आलो होतो, बाळ."